शिळी कढी आणि राइट यांचा ऑर्गन

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा 'द एंडलेस रिव्हर' हा अल्बम २०१४च्या नोव्हेंबरमध्ये आला, तेव्हा माझ्या ओळखीच्या बहुतेक पिंक फ्लॉइडभक्तांनी तो एकदा ऐकून बाजूला ठेवला. 'शिळ्या कढीला ऊत,' असे एकाने म्हटलेही. कढी शिळी होती हे नाकारण्यात अर्थ नाही, कारण यातला बराचसा ऐवज १९९३-९४ मधला, 'द डिव्हिजन बेल' या त्यांच्या आधीच्या अल्बमच्या वेळचा उरलेला आहे.

'द डिव्हिजन बेल'साठी गिटारवादक-गायक डेव्हिड गिलमोर, ड्रमवादक निक मेसन आणि कीबोर्डवादक रिचर्ड राइट गाणी आधी बांधून आणत नव्हते. एकत्र बसून सुचेल ते वाजवायचे आणि नंतर त्यातून निवडायचे, अशी पद्धत होती. (निवडीसाठी गुण द्यायचे ठरल्यावर राइट यांनी स्वतःच्या सगळ्या चालींना पैकीच्या पैकी आणि इतरांच्या चालींना शून्य दिल्याचा किस्सा प्रसिद्धच आहे.) त्यातले सुमारे २० तासांचे संगीत पडून राहिले आणि २००८ मध्ये राइट गेले. पुढे निर्माते फिल मँझनेरा यांनी ते ऐकून त्याची चार भागांत जुळणी केली, 'यूथ' या नावाने ओळखले जाणारे निर्माते आणि ध्वनिमुद्रक अँडी जॅक्सन यांनीही हात लावला, आणि गिलमोर व मेसन यांनी त्यावर नव्याने गिटार व ड्रम वाजवले. गिलमोर यांच्या पत्नी, लेखिका पॉली सॅमसन यांचे शब्द असलेले शेवटचे गाणे 'लाउडर दॅन वर्ड्स' सोडले, तर अल्बममध्ये गायन जवळजवळ नाहीच.

सत्तरच्या दशकातल्या अल्बमांच्या पंक्तीला हा बसत नाही आणि काही तुकडे उगाच रेंगाळतात, हे मलाही मान्य आहे. पण 'द वॉल' या १९७९च्या अल्बमच्या वेळी ज्यांना बँडमधून बाहेर काढले गेले आणि त्याच अल्बमच्या दौऱ्यात ज्यांनी पगारी वादक म्हणून साथ केली, ते राइट इथे केंद्रस्थानी आहेत. 'ऑटम ६८' ऐका. दोन गिटारप्रधान, धावत्या तुकड्यांच्या मधोमध जेमतेम दीड मिनिटासाठी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधला अवाढव्य पाइप ऑर्गन घुमतो. तो राइट यांनी १९६९ मध्ये वाजवला होता आणि ती टेप ४५ वर्षांनी इथे कामी आली. हेडफोन लावून ऐकले, तर खालच्या पट्टीतले सूर आधी छातीत जाणवतात आणि मग कानाला कळतात.