ट्रायलच्या बॅगा

विमानतळाचा पुनर्विकास म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर क्रेन, काचेच्या भिंती आणि उद्घाटनाची फीत येते. आत काम करणाऱ्याला दिसतं ते बिऱ्हाड हलवणं. चालू विमानतळाला एक दिवसही कुलूप लावता येत नाही. मग काउंटरची एक रांग तात्पुरत्या जागी न्यायची, मोकळी झालेली जागा तोडायची, बांधायची, रांग परत आणायची. दर वेळी प्लायवूडची भिंत सरकली की आग लागल्यास बाहेर पडायच्या वाटा नव्याने मोजायच्या. हे सगळं रात्री, शेवटची गर्दी ओसरल्यापासून पहाटेची गर्दी सुरू होईपर्यंतच्या तीन-चार तासांत.

माझ्याकडे सामानाचे बेल्ट. काउंटरमागे जो हातभर पट्टा सरकताना दिसतो, त्याच्या पुढचं सगळं.

बॅगेच्या टॅगवर दहा आकडी नंबर असतो. पहिला आकडा टॅग कसला ते सांगतो, पुढचे तीन विमान कंपनीचे, उरलेले सहा त्या बॅगेचे. हा नंबर कोणत्या फ्लाइटला जायचा, याचा संदेश कंपनीच्या संगणकाकडून आमच्या संगणकाकडे आधीच आलेला असतो. बेल्टवर एक कमान असते. तिच्यात वरून, बाजूंनी आणि दोन बेल्टमधल्या फटीतून खालूनही स्कॅनर रोखलेले असतात, कारण टॅग कुठे वळून बसेल याचा नेम नाही. नंबर वाचला गेला की पुढे सॉर्टर, म्हणजे बॅगा वेगळ्या करणारं यंत्र, बॅग बरोबर तिच्या फ्लाइटच्या घसरगुंडीत टाकतं. नाही वाचला, की बॅग बाजूच्या बेल्टवर जाते आणि तिथे एक माणूस हातातला स्कॅनर घेऊन टॅग शोधत बसतो. त्या एका माणसावर किती बॅगा येतात, यावर सगळ्या सकाळचं भवितव्य ठरतं. कमानीखालून बॅग सरकताना तो लाल प्रकाश बघायला मला अजूनही आवडतं. असो.

नवी लाइन सुरू करण्याआधी तीन ट्रायल ठरल्या होत्या. ट्रायलसाठी घाऊक भावात घेतलेल्या बॅगा आल्या: जवळजवळ सगळ्या चाकांच्या, कडक कवचाच्या, आत वाळूच्या पुड्या. बॅकपॅक मोजक्याच. खऱ्या लाइनवर पट्टेवाल्या आणि मऊ बॅगा प्लास्टिकच्या टबात घालून सोडायच्या असतात, पण रिकामे टब काउंटरकडे परत आणणारा बेल्ट पुढच्या टप्प्यात होता. आधी टब सुरू करायचे आणि टब परत येण्याची सोय नंतर, हे ज्या बैठकीत ठरलं तिथे मी होते. मी हरकत घेतली, ती इतिवृत्तात लिहिली गेली आणि तिथेच राहिली.

पहिली ट्रायल ठीकठाक. दुसऱ्या ट्रायलमध्ये एका बॅकपॅकचा पट्टा मर्जच्या फटीत गेला. मर्ज म्हणजे बाजूचा बेल्ट मुख्य बेल्टला मिळतो ती जागा. पट्टा ओढला गेला, बॅग आडवी झाली, फोटोसेलसमोर, म्हणजे बेल्टवर बॅग आहे का ते बघणाऱ्या प्रकाशाच्या डोळ्यासमोर, अडून बसली, आणि मागचे बेल्ट एकामागून एक थांबत थेट काउंटरपर्यंत आले. ट्रायलचे संयोजक घड्याळ बघत होते. त्यांना बेल्टमधलं काही कळत नाही, तक्ते मात्र फार सुंदर करतात. ते म्हणाले, "ही बॅग अपवादात्मक आहे, आकडेवारीतून काढा."

मी बॅग काढली नाही. त्याहून वाईट केलं. स्टोअरमधून चिकटपट्टीचा रोल आणला आणि सगळ्या बॅकपॅकचे पट्टे घट्ट गुंडाळून टाकले. तेव्हा स्वतःला सांगितलं की काउंटरवरच्या मुली हेच करतील, त्यांना तशा सूचना आहेतच. तिसरी ट्रायल एकही जॅम न होता पार पडली. अहवालात 'निरीक्षणे' असा रकाना होता. त्यात मी 'काही नाही' लिहिलं आणि सही केली.

मी पट्टे गुंडाळत होते तेव्हा आमचे एक जुने लोडर शेजारी उभे होते. त्यांना सगळे मामा म्हणतात. ते बघत राहिले. एक बॅग उचलून चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला आणि खाली ठेवली. बोलले काहीच नाहीत.

लाइन सुरू झाली त्या पहाटे पहिला अर्धा तास छान गेला. मग माणसांच्या बॅगा यायला लागल्या. दोरीने बांधलेली खोकी, चादरीत गुंडाळलेली गाठोडी, प्लास्टिकमध्ये लपेटलेल्या आणि त्यामुळे स्कॅनरखाली चकाकणाऱ्या बॅगा. एका सुटकेसवर मागच्या प्रवासांची तीन छोटी स्टिकरं तशीच होती. टॅग लावताना बॅगेच्या अंगावर चिकटवतात ती. प्रत्येकावर बारकोड. स्कॅनरने एकाच बॅगेचे दोन-दोन नंबर वाचले, आणि दोन नंबर वाचणं म्हणजे यंत्राच्या लेखी एकही न वाचणं. हाती स्कॅनर घेतलेल्या माणसासमोर बॅगांचा ढीग झाला. टब पाऊण तासात संपले. सगळे पलीकडच्या टोकाला रिकामे पडून होते. काउंटरवरच्या मुलींनी मग बॅकपॅक तशाच सोडल्या. त्यांच्यापुढे पन्नास माणसांची रांग होती, त्या पट्टे कधी बांधणार? पाच वाजून काही मिनिटांनी मर्जला पट्टा अडकला. दुसऱ्या ट्रायलमध्ये अडकला होता त्याच ठिकाणी.

आपत्कालीन योजनेप्रमाणे बॅगा ट्रॉलीने मागच्या वाटेने खाली न्यायच्या होत्या. त्या वाटेत आदल्या रात्री प्लायवूडची नवी भिंत उभी राहिली होती. शेवटी लोडरांनी साखळी करून जिन्यातून बॅगा हातोहात उतरवल्या. तरीही पहिल्या चार फ्लाइट बऱ्याच बॅगा मागे ठेवून उडाल्या.

आमच्या धंद्यात अशा वेळी एकमेकांना मोठ्यांच्या गोष्टी सांगून धीर देतात. अमेरिकेतल्या डेन्व्हरला 1994 साली पत्रकारांना बोलावून नवी स्वयंचलित यंत्रणा दाखवली, तर बॅगा फाटून कपडे बाहेर पडले, आणि विमानतळ सुरू व्हायला 1995 चा फेब्रुवारी उजाडला. पण माझ्या डोक्यातून लंडनच्या हीथ्रो विमानतळाचं टर्मिनल 5 जात नाही. 27 मार्च 2008, पहिलाच दिवस. बिघाड बरेच झाले, त्यातला एक असा: चाचणीतले संदेश विमानतळाच्या चालू यंत्रणांमध्ये मिसळू नयेत म्हणून सॉफ्टवेअरमध्ये एक गाळणी बसवली होती. ती काढायची राहिली. मग इतर कंपन्यांच्या विमानांतून उतरून पुढच्या विमानात जाणाऱ्या खऱ्या बॅगांची माहितीच आत येईना, आणि त्या सगळ्या हाताने निवडायच्या ढिगात जाऊ लागल्या. त्यांची गाळणी निदान चुकून राहिली होती.

आमच्याकडे चौकशी झाली. अहवालात कारण आलं: 'प्रवाशांच्या सामानाचे अनियमित स्वरूप'. म्हणजे दोष प्रवाशांचा, त्यांनी बॅगा चुकीच्या आणल्या. त्यावर माझी तिसरी सही आहे. चिकटपट्टीचा उल्लेख त्यात नाही, कारण मी केला नाही आणि मला कुणी विचारलं नाही.

आता पुढच्या टप्प्याच्या ट्रायल सुरू झाल्यात. या वेळी मी कर्मचाऱ्यांना घरातल्या जुन्या बॅगा आणायला सांगितलं. संयोजकांनी कारण विचारलं, तेव्हा मी म्हणाले, खर्च वाचतो. पहिल्या दिवशी मामा एक मळकी बॅकपॅक घेऊन आले. दोन्ही पट्टे लोंबत होते, एकाचं बक्कल तुटलेलं. बेल्टवर ठेवण्याआधी ते माझ्यासमोर थांबले.

"बांधायचे का, मॅडम?"

मी नको म्हणाले. बॅग दुसऱ्या मर्जला अडकली. या वेळी रकान्यात तसं लिहिलं.