उत्सवाआधीचे उबुद : रोजनिशीतील काही पाने

शनिवार, १२ ऑक्टोबर २०२४

आज दसरा. आपट्याची पाने इथे, बालीतल्या उबुद गावात, मिळत नाहीत, पण झेंडूला तोटा नाही. बालीतल्या रोजच्या पूजेसाठी झेंडूची शेतेच्या शेते लावली जातात आणि पहाटेच्या बाजारात तो पिशव्या भरभरून विकायला येतो. सकाळी पाटावर चार पुस्तके, लॅपटॉप आणि आमच्या घरमालकिणीच्या नातवाची वही अशी पूजा मांडली. घरमालकिणीला आम्ही सगळे इबू म्हणतो. त्या पाहायला आल्या आणि त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही, कारण त्यांच्याकडे दर २१० दिवसांनी सरस्वतीचा दिवस येतो, त्या दिवशी पोथ्या-पुस्तके पूजेला ठेवतात आणि पूजा आटोपेपर्यंत वाचायचे-लिहायचे नाही अशी जुनी रीत आहे. पाटीपूजन झाल्यावर पुस्तकाला हात लावू न देणाऱ्या माझ्या आजीचे आणि इबूंचे लगेच जमले असते.

आजच्या तारखेला मात्र इथे दुसरेही एक ओझे आहे. १२ ऑक्टोबर २००२ च्या रात्री कुटा येथे झालेल्या बॉम्बस्फोटांत २०२ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यानंतर बालीकडे येणारे पाहुणे एकाएकी आटले. गाडीवाले, लाकूडकाम करणारे, खानावळवाले, नर्तक, सगळ्यांच्याच चुली त्या पाहुण्यांवर चालत होत्या. मूळच्या ऑस्ट्रेलियाच्या, पण बालीत लग्न करून उबुदमध्ये स्थायिक झालेल्या जॅनेट डनीफ यांनी त्या पडत्या काळात लेखक-वाचकांचा मेळा भरवायचे मनावर घेतले आणि २००४ साली पहिला उत्सव झाला. माणसे मारण्याच्या कृत्याला गोष्टी सांगून उत्तर द्यावे, ही कल्पना मला आजही फार मोठी वाटते. यंदाचा उत्सव २३ तारखेला सुरू होतो आहे.

सोमवार, १४ ऑक्टोबर

गावात लगबग आहे. पश्चिमेला साङिङानच्या रस्त्यावर मांडव उभे राहू लागले आहेत आणि इबूंच्या पाहुण्यांसाठीच्या दोन्ही खोल्यांची आगाऊ नोंदणी झाली आहे. गालुंगानचा सण २५ सप्टेंबरला झाला, तेव्हा दारोदार उभारलेले बांबूचे उंच, वाकलेल्या टोकाचे पेंजोर अजून तसेच उभे आहेत. त्यांवरच्या कोवळ्या माडाच्या पातींचे पिवळेपण जाऊन त्या करड्या झाल्या आहेत. रीतीप्रमाणे ते सणानंतर पस्तीस दिवसांनी, म्हणजे उत्सव संपल्यावरच उतरतील. पावसाळा तोंडावर आल्यामुळे दुपारी अंगाची काहिली होते, आणि जालान हनोमान व जालान देवी सिता या अरुंद रस्त्यांवर गाड्या आणि दुचाकी एकमेकांत अडकून पडतात.

संध्याकाळी जालान काजेंगवरून उत्तरेकडे भातखाचरांपर्यंत चालत गेले. ही गल्ली सरस्वतीच्या देवळाजवळून निघते आणि तिच्यावरच्या सिमेंटच्या लाद्यांवर वर्गणी देणाऱ्यांची नावे, गावे, निरोप कोरलेले आहेत. त्यांत स्थानिक लोक आहेत, तसेच जगाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले परदेशीही आहेत. त्यांतले कितीजण पुन्हा आले असतील, हा विचार तिथून जाताना दर वेळी मनात येतो.

परदेशी माणसाने इथे येऊन राहणे नवे नाही. १९२७ मध्ये जर्मन चित्रकार वॉल्टर स्पीस बालीत आला आणि चाम्पुहानच्या नदीसंगमाजवळ घर बांधून राहिला. त्याच वर्षी रवींद्रनाथ टागोरही बाली पाहून गेले. १९३६ मध्ये स्पीस, डच चित्रकार रुडॉल्फ बॉनेट, उबुदच्या राजघराण्यातले चोकोर्डा गडे आगुंग सुकावती आणि थोर कलावंत गुस्ती न्योमान लेम्पाद यांनी मिळून 'पिता महा' ही चित्रकारांची संघटना उभी केली. या नावांत मला लेम्पाद सर्वांत जवळचे वाटतात. सरस्वतीचे देऊळ त्यांच्याच कल्पनेतून साकारले आहे. तरीही बाहेर उबुदची गोष्ट सांगताना बहुतेकजण स्पीसपासूनच सुरुवात करतात, आणि हे मला खटकते. गाव पाहुण्याने घडवले असा समज पाहुण्यांमध्येच जास्त पसरतो.

इथे आम्हा परदेशी लोकांना जमिनीची मालकी घेता येत नाही. भाडेपट्टा मिळतो, राहण्याचा परवाना मिळतो आणि त्याचे नूतनीकरण करत राहावे लागते. मला हा नियम योग्य वाटतो. भातखाचरे भराभर बंगल्यांखाली जात आहेत, बालीच्या दक्षिण भागात नव्या हॉटेलांच्या बांधकामावर काही काळ बंदी घालण्याची चर्चा गेल्या महिन्यात सरकारी पातळीवर झाली, आणि ज्या 'सुबाक' पाणीवाटपाच्या पद्धतीला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, तिचे पाट माझ्या चालण्याच्या वाटेवरच काही ठिकाणी कुंपणांखाली गेलेले दिसतात. माझ्यासारख्यांच्या भाड्यामुळेच हे बंगले परवडतात, हे मला ठाऊक आहे, म्हणून इथे राहायचे तर इथल्या माणसांत, त्यांच्याच घराच्या आवारात राहायचे, एवढे मी ठरवून टाकले आहे.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

काल कोजागिरी झाली. आज इथल्या पंचांगातली चौथ्या महिन्याची पौर्णिमा. जुन्या कवींनी फुलांचा, पहिल्या सरींचा आणि कवीने रानावनांत भटकण्याचा म्हणून गौरवलेला महिना तो हाच. इबू दुपारपासून चानांग, म्हणजे पूजेच्या फुलांच्या परड्या, करत बसल्या होत्या, म्हणून मीही त्यांच्याजवळ जाऊन बसले. कोवळ्या पातीची चौकोनी परडी बांबूच्या बारीक काडीने टोचून बसवायची, मग पूर्वेला पांढरे फूल, दक्षिणेला तांबडे, पश्चिमेला पिवळे आणि उत्तरेला निळे किंवा हिरवे ठेवायचे. माझी काडी पातीतून आरपार जाते आणि परडी फाटते. इबूंचा हात न बघता चालतो.

रात्री त्यांच्याबरोबर बंजारच्या, म्हणजे आमच्या वाडीच्या, सभामंडपात गेले. तिथले काव्यवाचन आजच नव्हते सुरू झाले. मंडळी नेमाने जमतात, आज पौर्णिमा म्हणून गर्दी जास्त होती एवढेच. अकराव्या शतकात जावाचा राजा ऐरलंगा याच्या दरबारी असलेल्या म्पू कण्व या कवीने रचलेले अर्जुनविवाह हे काकाविन, म्हणजे जुन्या जावा भाषेतले संस्कृत वृत्तांमधले काव्य, चालू आहे. इंद्रकील पर्वतावर तप करणारा अर्जुन, त्याचे मन ढळवायला आलेल्या अप्सरा, किराताच्या वेषातले शिव आणि पुढे निवातकवचाचा वध, ही सारी कथा आपल्या ओळखीची आहे. एकजण त्या जुन्या, 'कवी' नावाच्या भाषेतली ओळ लांबवून गातो आणि शेजारी बसलेला दुसरा लगेच तिचा अर्थ आजच्या बाली भाषेत सांगतो. अर्थ पटला नाही तर बाकीचे थांबवतात, वाद घालतात आणि मग पुढची ओळ येते. गाणाऱ्यांत एक मोटारदुरुस्तीचे दुकान चालवतात, एक शाळेत शिकवतात.

या काव्यातल्या आरंभीच्या ओळी शार्दूलविक्रीडितात आहेत. चाल अगदी वेगळी, ओढ फार मोठी, त्यामुळे कानाला आधी कळले नव्हते. पण वृत्ताचे नाव कळल्यापासून मी बोटांवर मोजत ऐकते आणि एकोणीस अक्षरे बरोबर भरतात. आपण लग्नात ज्या वृत्तात मंगलाष्टके म्हणतो, शाळेत ज्याचे म-स-ज-स-त-त-ग पाठ केले, ते वृत्त हजार वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून जावा बेटावर आले, तिथल्या भाषेत रुजले आणि जावाकडून बालीला मिळालेला हा ठेवा आज उबुदच्या एका वाडीत रात्री साडेनऊला गायला जातो आहे, याने माझा ऊर भरून आला. हे सगळे भारताचेच, असे म्हणणारे पाहुणे मी इथे ऐकले आहेत आणि ते मला मुळीच मान्य नाही. वृत्त आले, काव्य त्यांनी रचले, आणि मुख्य म्हणजे त्यांनी ते गायचे सोडले नाही.

या महिन्याच्या ३ तारखेला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, तेव्हा इथल्या आम्हा मोजक्या मराठी कुटुंबांनी एकमेकांना फोन केले, गोडधोड केले. तो आनंद खरा होता. आज त्या मंडपात बसल्यावर मात्र वाटले की ज्ञानेश्वरीच्या ओव्यांवर असे आठवड्याला जमून, अडून, वाद घालून अर्थ लावणारी मंडळी आपल्याकडे गावोगाव आहेत, आणि त्या दर्जातून काही निधी यायचाच असेल तर तो आधी त्यांच्या दारी पोचला पाहिजे.

सोमवार, २१ ऑक्टोबर

यंदाच्या उत्सवाचे सूत्र तैत्तिरीय उपनिषदातले आहे : सत्यं वद, धर्मं चर. सूत्र सुंदर आहे आणि जबाबदारीचेही आहे. इंडोनेशियातल्या १९६५-६६ च्या कम्युनिस्टविरोधी हत्याकांडात बालीत सुमारे ८०,००० माणसे मारली गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्या घटनेला पन्नास वर्षे झाली तेव्हा, २०१५ च्या उत्सवात, त्यावरची चर्चासत्रे ठेवली होती आणि परवानगी रद्द होण्याच्या भीतीने ती मागे घ्यावी लागली. आयोजकांनी तेव्हा उरलेला उत्सव वाचवला, हे मी समजू शकते. पण ज्या वाडीत बचावलेला आणि मारला गेलेला यांची घरे शेजारी-शेजारी असू शकतात, तिथे खरे बोलण्याची किंमत किती असते, हे बाहेरून आलेल्या वक्त्यांनी व्यासपीठावर चढण्यापूर्वी जाणून घ्यावे असे मला मनापासून वाटते.

उत्सवातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग म्हणजे इंडोनेशियाच्या दूरदूरच्या बेटांवरून निवडून बोलावलेले नवोदित लेखक. इबूंचा नातू यंदा स्वयंसेवक आहे आणि त्याला गळ्यात घालायचे ओळखपत्र मिळाल्यापासून तो ते काढत नाही. त्या नवोदितांचे वाचन इंडोनेशियन भाषेत असेल त्या सत्राला इबूंनी माझ्याबरोबर यावे म्हणून मी मागे लागले होते. आज त्या हो म्हणाल्या, पण अट घातली : बुधवारी रात्री, बाहेर उद्‍घाटनाची धामधूम चाललेली असताना, मी बंजारमध्ये यायचे आणि मंडळींच्या कॉफीचे व खाऊचे काम अंगावर घ्यायचे, कारण त्यांची पाळी आहे आणि किराताचा प्रसंग त्यांना पुढे बसून ऐकायचा आहे. उद्या सकाळी सहाला बाजारात जाऊन नारळ आणि ताडगूळ आणायचा आहे; माणसे चाळीसच्या आसपास असतील असे त्या म्हणाल्या.