पंधरवड्याची बेगमी: माझा अनुभव

ऑगस्ट २०१९ मध्ये कुर्टी-खांडेपार भागात ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाहून येणारी मोठी जलवाहिनी फुटली आणि फोंडा व तिसवाडी तालुक्यांतले नळ कित्येक दिवस कोरडे पडले. आमच्या फोंड्याच्या घरात तेव्हा तांदूळ, डाळ, कुळीथ सगळे होते, पण ते धुवायला आणि शिजवायला पाणी नव्हते. पुढच्याच मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि सुरुवातीचे काही दिवस गोव्यात किराणा दुकानांची दारेसुद्धा बंद राहिली. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्यालगतून गेले. आमच्याकडे चार दिवस वीज नव्हती आणि फ्रीजरमध्ये जपून ठेवलेले मासे, वाटलेले खोबरे, मटार हे सगळे मला खड्डा खणून पुरावे लागले. त्याच वर्षी २३ जुलैला पुराने सत्तरी, डिचोली आणि फोंडा तालुक्यांतल्या नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. आमचे घर उंचावर असल्याने वाचले, परंतु रस्ता बंद झाला आणि पुन्हा दोन दिवस आम्ही घरात जे होते त्यावर काढले. दोन वर्षांत चार वेळा असे घडल्यावर घरातल्या पाच माणसांना बाहेरून काहीही न आणता निदान पंधरवडा जेवता आले पाहिजे, असे मी मनाशी ठरवले.

ठरवले ते योग्यच होते, पण सुरुवात मी चुकीच्या महिन्यात केली. पुराची धास्ती ताजी असताना, म्हणजे भर ऑगस्टमध्ये, मी पन्नास किलो उकडे तांदूळ, दहा किलो अख्खे मूग, गव्हाचे पीठ आणि रवा आणला, झाकणाच्या प्लास्टिक पिंपांत भरला आणि माळ्यावर चढवून ठेवला. जानेवारीत पिंप उघडले तेव्हा आधी कुबट वास आला. ओंजळभर तांदूळ सुपात घेऊन पाखडले, तर दाण्यादाण्याला सुईच्या टोकाएवढे भोक होते, तळाशी पांढरी पूड साचली होती आणि त्या पुडीत तपकिरी सोंडकिडे संथपणे चालत होते. मुगाची अवस्था त्याहून वाईट होती; भुंग्यांनी दाणे आतून पोखरून नुसती साले शिल्लक ठेवली होती. बुरशी धरलेले धान्य गुरांनाही घालू नये, त्यातले विष दुधात उतरू शकते, हे ठाऊक असल्यामुळे ते सगळे माडाच्या आळ्यात गाडले. अन्न मातीत घालताना सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी त्या नीट जेवल्या नाहीत.

असे का झाले, हे समजून घ्यायला मला पुढचे दोन महिने लागले. सोंडकिड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते आणि ते भोक बुजवून टाकते. त्यामुळे दुकानातून आणलेला स्वच्छ दिसणारा तांदूळ आधीच लागण झालेला असू शकतो. आपल्याकडच्या उबेत महिन्याभरात अंड्याचा किडा होतो आणि पाच महिन्यांत त्याच्या कित्येक पिढ्या होऊन जातात. मुगाच्या भुंग्याची सुरुवात तर पुष्कळदा शेतातच होते. दुसरी गोष्ट ओलाव्याची. धान्य भोवतालच्या हवेतला दमटपणा शोषून घेते आणि दाण्यातला ओलावा चौदा टक्क्यांच्या वर गेला की बुरशीला वाव मिळतो. गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातले चपलांचे चामडेसुद्धा पांढरे पडते. अशा हवेत पिंपात भरलेले धान्य म्हणजे ओल आतच कोंडून ठेवल्यासारखे होते. परदेशी पद्धतीच्या माहितीत ‘थंड, कोरडी जागा’ असे एका ओळीत सांगितलेले असते. आमच्या घरात तशी जागा वर्षातले चार महिने अस्तित्वातच नसते, आणि माझ्या मते गोव्यातल्या साठवणीचा सगळा प्रश्न इथेच आहे.

त्यावरचा तोडगा घरातच होता. सासूबाईंच्या माहेरी मे महिन्यात पावसाळ्याचे पुरुमेंत, म्हणजे चार महिन्यांची बेगमी, भरले जाई. हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला असला तरी ती रीत गोव्यातल्या प्रत्येक घराची आहे; म्हापशाच्या आणि मडगावच्या फेस्तांच्या (चर्चच्या उत्सवांच्या) फेऱ्यांत आजही सुकी सुंगटे (कोळंबी), खारे बांगडे, मिरच्या, सोला (वाळवलेली कोकमे), गूळ, कांद्याच्या माळा यांची रास त्यासाठीच लागते. १ जून ते ३१ जुलै यंत्रबोटींची मासेमारी बंद असते, म्हणून सुक्या मासळीला तेव्हा विशेष मोल येते. मी सासूबाईंना विचारले, “आई, तुमच्या घरी धान्याला कीड लागत नसे का?” त्या म्हणाल्या, “लागायची ना. पण आम्ही चार महिन्यांचेच भरत होतो आणि ते गणेश चवथीपर्यंत संपवत होतो. तू भरून ठेवलेस आणि विसरलीस.” त्या वाक्याने माझी सगळी योजना बदलली.

मार्च २०२२ मध्ये मी नव्याने हिशेब मांडला. माणशी दिवसाला चारशे ग्रॅम तांदूळ व इतर धान्य, सत्तर ग्रॅम डाळ, तीस ग्रॅम तेल आणि थोडा गूळ धरला, तर साधारण दोन हजार उष्मांक होतात. पाच माणसांच्या चौदा दिवसांसाठी हे अठ्ठावीस किलो धान्य, पाच किलो डाळ आणि दोन किलोंच्या थोडे वर तेल एवढेच भरते. आधीच्या वेळी मी भीतीपोटी जवळजवळ दुप्पट धान्य आणले होते. सासूबाईंना मधुमेह असल्याने त्यातले पाच किलो नाचणीचे धरले, कारण संकटकाळ म्हणून बिस्किटे आणि साखरेवर घर चालवणे त्यांना परवडणारे नाही.

एप्रिलच्या उन्हात तांदूळ दोन दिवस चादरीवर पसरून वाळवला. वाळला की नाही हे पाहण्याची एक सोपी रीत मला फार उपयोगी पडली: काचेच्या कोरड्या बाटलीत थोडे कोरडे मीठ आणि मूठभर तांदूळ घालून काही मिनिटे हलवायचे. मीठ काचेला चिकटले तर दाण्यात ओल आहे. मोकळे राहिले तर भरायला हरकत नाही. पहिल्या दिवशी मीठ काचेवर धुक्यासारखे बसले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते सुटे राहिले. तरीही त्याच वेळी भरले नाही, कारण उन्हातला गरम दाणा डब्यात कोंडला की रात्री आतल्या बाजूने घाम येतो. रात्रभर सुती कापडाखाली गार होऊ दिला आणि सकाळी भरला.

भरण्याचे दोन प्रकार केले. रोजच्या जेवणातला उकडा तांदूळ पूर्ण पॉलिश केलेला नसतो. कोंड्यातल्या तेलामुळे तो काही महिन्यांनी खवट होऊ लागतो, म्हणून तो घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवला आणि चवथीपर्यंत संपवायचा असे ठरवले. लांब पल्ल्यासाठी पॉलिश केलेला सुरय, म्हणजे न उकडलेला, तांदूळ घेतला. तो ॲल्युमिनियमचा थर असलेल्या जाड पिशव्यांत, प्रत्येकी तीन किलो, प्राणवायू शोषणाऱ्या पुडीसह भरून कपड्यांच्या इस्त्रीने तोंड बंद केले. या पुडीत लोखंडाची बारीक भुकटी असते. ती गंजते आणि गंजताना पिशवीतला प्राणवायू संपवते, त्यामुळे दाण्यात दडलेले किडे व अंडी गुदमरून मरतात. पुड्यांचे पाकीट फोडल्यावर उरलेल्या पुड्या लगेच काचेच्या बरणीत बंद कराव्या लागतात, नाहीतर त्या हवेतच संपून जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तेव्हा पिशव्या विटेसारख्या कडक झाल्या होत्या आणि वरून हात फिरवला तर एकेक दाणा बोटाला लागत होता. एक पिशवी मात्र मऊ राहिली होती. तिच्या कोपऱ्यात तांदळाचा एक दाणा शिवणीत अडकून फट राहिली होती. ती पुन्हा भरली. साखर-मिठात ही पुडी घालू नये, दोन्हींचा दगड होतो. आणि ओलसर पदार्थ, अर्धवट वाळवलेली मासळी किंवा फणसाचे साट अशा प्राणवायू काढलेल्या पिशवीत कधीही बंद करू नये. प्राणवायू नसलेल्या ओलाव्यात बोट्युलिझमचे जीवघेणे विष तयार होऊ शकते.

अख्ख्या मुगाऐवजी तूरडाळ आणि मूगडाळ घेतली, कारण भुंग्यांचा मुख्य हल्ला अख्ख्या कडधान्यावर असतो. अळसांदे (चवळीसारखे कडधान्य) मात्र आमच्या घरात हवेतच. ते उन्हात वाळवून एरंडेलाचा पुसट हात लावून ठेवले. रवा मंद आचेवर भाजून, गार करून भरला. पीठ साठवणे सोडूनच दिले, गहू ठेवले आणि हाताने फिरवायचे लहान जाते माहेराहून आणले. सोला, चेपणीची तोरे (मिठात मुरवलेल्या कैऱ्या), सांडगे आणि पापड दरवर्षी होतातच. त्यांचा विचार मी आता केवळ तोंडीलावणे म्हणून करत नाही, कारण सलग चार दिवस पेज आणि डाळ खाताना माणसाचे मन त्या एका फोडीवर टिकते.

पाण्याचा प्रश्न सर्वांत मोठा निघाला. पिण्यासाठी आणि रांधण्यासाठी माणशी दिवसाला चार लिटर धरले तरी पंधरवड्याला दोनशे ऐंशी लिटर लागतात, आणि एवढे पाणी बाटल्यांत साठवणे आमच्या घरात शक्य नव्हते. परसात विहीर होती, पण नळ आल्यापासून तिच्यावर जाळी घातली होती आणि रहाटाचे चाक कुणीतरी काढून नेले होते. ती उपसून घेतली, पंप बसवला, आणि तौक्ते आठवून पंपाबरोबर लोखंडी कप्पी, काथ्याचा दोर आणि पितळी कळशीही ठेवली. विजेवर चालणाऱ्या पंपाचा वीज गेल्यावर उपयोग नाही, ही साधी गोष्ट मी आधी ध्यानात घेतली नव्हती. पुरानंतर विहिरीचे पाणी उकळी फुटल्यावर निदान मिनिटभर खळखळू दिल्याशिवाय प्यायचे नाही, हेही मुलांना सांगून ठेवले आहे. त्यासाठी गॅसचा दुसरा भरलेला सिलिंडर मे महिन्यात घरात असतोच, आणि मागच्या पडवीत तीन दगडांची चूल कोरड्या लाकडांसह तयार ठेवली आहे.

जून २०२२ मध्ये आम्ही शुक्रवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत मुख्य स्विच आणि नळाची चावी बंद करून फक्त साठ्यावर राहिलो. या तीन दिवसांनी मला जितके शिकवले तितके वाचनाने शिकवले नव्हते. कुळीथ भिजवून शिजवायला गॅस आणि पाणी अपेक्षेपेक्षा फार जास्त लागले. म्हणून पहिल्या दोन दिवसांसाठी पोहे, चुरमुरे, भाजलेले चणे आणि दुधाची भुकटी असा न शिजवता खाण्याचा वेगळा डबा केला. भांडी घासण्यात पिण्याइतकेच पाणी गेले. त्यावर केळीच्या पानांचा उपाय परसातच होता. टिनचे दोन डबे होते, पण ते उघडायचे साधन सापडेना. सासूबाईंच्या गोळ्या नऊच दिवसांच्या उरल्या होत्या, आणि माझ्या यादीत औषधांची ओळच नव्हती. आता महिन्याभराच्या गोळ्या नेहमी पुढे असतात.

तेव्हापासून एक दोनशे पानी वही स्वयंपाकघराच्या दाराला टांगलेली आहे. प्रत्येक डब्यावर भरल्याचा महिना पांढऱ्या पट्टीवर लिहिला जातो, नवे मागे आणि जुने पुढे ठेवले जाते. मे महिन्यात भरलेला उकडा चवथीला संपतो, डिसेंबरात नवे पीक आले की दुसरी भरणी होते. गेल्या तीन वर्षांत एकदाच, एका डब्याचे झाकण वाकडे बसल्याने, चार किलो रव्याला जाळी धरली. प्राणवायू काढलेल्या पिशव्यांतली पहिली आम्ही दोन वर्षांनी, २०२४ च्या एप्रिलमध्ये उघडली. पिशवी कापताच हवा आत शिरल्याचा बारीक आवाज आला, दाणा कोरडा आणि पांढरा होता, एकही भोक नव्हते. त्या दिवशी त्याच तांदळाचा भात आणि सोलांची कढी केली. सासूबाईंनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला आणि रिकाम्या पिशवीच्या जागी नवी कधी भरणार आहेस, असे विचारले. ती आम्ही त्याच आठवड्यात भरली.