गाणे नव्हे, गवळण

सोसायटीच्या गणेशोत्सवात कोण काय सादर करणार याची यादी करण्याचे काम यंदा माझ्या गळ्यात पडले, म्हणून परवा दुपारी भरून आलेले अर्ज पुढ्यात घेऊन बसलो होतो. अर्जात तीनच रकाने होते: गाणे, नृत्य आणि इतर. तळमजल्यावरच्या काकूंनी ‘गाणे’ सोडून ‘इतर’पुढे खूण केली होती आणि शेजारी किरट्या अक्षरात ‘गवळण म्हणणार’ असे लिहिले होते. चुकून झाले असेल, असे वाटून मी फोन केला. त्या म्हणाल्या, “अहो, मला गाता कुठं येतं? मी आपली गवळण म्हणते.”

फोन ठेवला आणि आजी आठवली. आमच्याकडे पीठ गिरणीतूनच येत असे, पण हरभरे भरडायचे झाले की आजी माजघरातले जाते पुढे ओढी. एक पाय लांब करून आणि दुसरा दुमडून ती बसे, खुंट्याला हात घाली आणि दोन-चार फेरे झाल्यावाचून तिच्या तोंडून शब्द निघत नसे. ओवीची ओळ संपता संपता डावा हात सुपात जाई, मूठभर दाणे जात्याच्या तोंडात वैरले जात आणि तेवढा वेळ शेवटचे अक्षर लांबत राही. मूठ मोठी असली तर अक्षरही लांब. एकदा मी तिला “आजी, अजून एक गाणं गा ना” म्हटले, तर तिने जातेच थांबवले. “मी काय गाणारीण आहे?” असे तिने विचारले, रागावून नव्हे, पण हसूनही नव्हे.

मराठीत कोणत्या गीतप्रकाराला कोणते क्रियापद लागते, याचा छंद मला बहुधा तेव्हापासून जडला असावा. ओवी, आरती, भूपाळी, पाळणा, मंगलाष्टके हे सगळे आपण म्हणतो. पोवाडा शाहीर गातो, मागचे झीलकरी झील धरतात. कीर्तन करतात, भारूड करतात, आणि गोंधळ मात्र घालतात. तो इतका मनापासून घातला गेला की आता देवीशी काही संबंध नसतानाही आपण तो घालतच असतो. राग आळवतात. ख्यालाची चीज गुरूकडून बसवून घेतात, आणि तिलाच बंदिश म्हटले की ती बांधलेली असते. एकीकडे बांधलेली बंदिश आणि दुसरीकडे न भंगणारा अभंग, अशी जोडी आपल्या कानांना कधी खटकत नाही, याचे मला नवल वाटते. लावणीची तर गंमतच आहे. भाताचीही लावणी असते आणि फडावरचीही लावणीच. दोहींचे मूळ एक की वेगवेगळे, यावर जाणकारांचे जमत नाही. मला स्वतःला ‘भजन लाव’ हा प्रयोग सोसत नाही. भजन काय बल्ब आहे?

चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लासा’त महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे, आणि तिथे शब्द ‘गेया’ असा स्पष्ट आहे. राजाला काय, तो खुशाल गातात म्हणेल. आजीला ते मानवले नसते. गाणे हे बैठकीत बसून, बिदागी घेऊन, परक्या पुरुषांसमोर गाणाऱ्या बायकांचे काम, आणि घरातल्या बाईने गळ्यातून सूर काढायचाच तर तो ‘म्हणायचा’, अशी ती विभागणी होती. पुरुषही अभंग म्हणतातच, पदे म्हणतातच, त्यामुळे सगळा भार त्या एका लाजेवर टाकता येणार नाही, हे मला कळते. पण आजीने जाते थांबवले होते, हेही मला विसरता येत नाही.

गाय पॉइत्विन आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या १,००,००० च्या वर आहे. त्यांतल्या काही मी ऐकल्या आहेत. ओवीच्या आत शिरल्यावर बाया सरळ ‘ओवी गाते’ असेच म्हणतात. मामंजी ओसरीवर, दीर अंथरुणात, पहाटेचा अंधार आणि जात्याची घरघर; अशा वेळी गाते म्हटले तरी कोणाच्या कानावर जाणार होते? आजीच्या ओव्यांत तो शब्द होता का, ते आता विचारायला कोणी उरलेले नाही.

यादीत मी ‘गाणे’ हा रकाना खोडून ‘म्हणणे’ असा केला आणि काकूंचे नाव सर्वांत वर घातले. मग खालचा अर्ज निघाला. दुसऱ्या मजल्यावरच्या तिसरीतल्या मुलाने ‘रॅप’ असे लिहिले होते. रॅप गातात, म्हणतात, की मारतात? त्याच्या आईला फोन लावला. “रॅप करतो तो,” ती म्हणाली. मी त्याला भारुडाशेजारी बसवला आणि यादी छापायला देऊन टाकली.