सर्व्हिसला आपली स्वतःची कमांड शिकवली

द्राक्षांचा सीझन सुरू झाला की माझा फोन रात्री उशाशीच असतो. पिंपळगाव बसवंतच्या बाजूला एक पॅकहाऊस आहे, तिथल्या कोल्ड स्टोरेजचा फ्रीबीएसडी (लिनक्ससारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम) सर्व्हर मी नाशकातून घरी बसून सांभाळतो. त्यावर मी लिहिलेली एक सर्व्हिस, म्हणजे मागे सतत चालू राहणारा प्रोग्रॅम, चालते, दर मिनिटाला खोल्यांचं तापमान वाचायचं आणि जास्त झालं की एसएमएस टाकायचा.

मागच्या सीझनला रात्री नवीन खोली कॉन्फिग फाइलमध्ये (सर्व्हिसच्या सेटिंगची फाइल) टाकली, रीस्टार्ट मारला आणि झोपलो. फाइलमध्ये एक स्वल्पविराम टाकायचा राहिला होता. जुनी प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) बंद झाली, नवीन उठलीच नाही. पहाटे नाइट ड्यूटीवाल्या काकांचा फोन, "अरे, स्क्रीनवरचा आकडा रात्रभर हललाच नाही, काय टाइप करू सांग बरं." माल शाबूत होता कारण काका दर तासाला स्वतः आत जाऊन थर्मामीटर बघतात, पण मला ते फार लागलं. आणि काय टाइप करू याचं उत्तर दीड ओळीचं होतं, पाथ, फ्लॅग, कुठल्या युजरने चालवायचं, हे झोपेतून उठून फोनवर कसं सांगणार.

फ्रीबीएसडीत सर्व्हिस सुरू-बंद करणारी स्क्रिप्ट म्हणजे साधी शेल स्क्रिप्ट, कमांड लिहिलेली टेक्स्ट फाइल. स्टार्ट, स्टॉप, रीस्टार्ट, स्टेटस हे आरसी डॉट सबआर नावाची फाइल रेडीमेड देते. आपली कमांड घालायची तर एक्स्ट्रा कमांड्स या व्हेरिएबलमध्ये तिचं नाव लिहायचं, मग त्याच नावापुढे अंडरस्कोर सीएमडी लावून दुसरं व्हेरिएबल करायचं आणि त्यात आपल्या फंक्शनचं नाव द्यायचं. झालं. रीलोडसुद्धा आयता मिळत नाही बरं का, त्याचंही नाव तिथे लिहावं लागतं, मग तो प्रोसेसला सिगहप पाठवतो, म्हणजे बंद न करता कॉन्फिग परत वाच असा इशारा.

मी दोन कमांड केल्या, तपासा (कॉन्फिग फाइलमध्ये चूक आहे का बघणारी) आणि आकडे. आता काका इंग्रजी अक्षरांत "सर्व्हिस द्राक्ष तपासा" एवढंच टाइप करतात. पाथ, फ्लॅग, युजर सगळं फंक्शनच्या आत. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की कमांड चुकीची टाइप केली तर सिस्टिम चालणाऱ्या कमांडची यादी दाखवते आणि त्यात आपल्या दोन्ही असतात, त्यामुळे भिंतीवर चिठ्ठी चिकटवायची गरज राहिली नाही.

खरी सुटका मात्र एका ओळीने झाली. रीस्टार्ट प्रीसीएमडी या व्हेरिएबलमध्ये तेच तपासणीचं फंक्शन दिलं. फंक्शनने शून्य सोडून काहीही परत केलं, म्हणजे चूक सापडली, की रीस्टार्ट तिथेच थांबतो, चालू प्रोसेसला हात लागत नाही. फक्त फोर्सरीस्टार्ट कधी मारू नका, तो तपासणी फेल झाली तरी पुढे जातो.

लिनक्सवर सर्व्हिस सांभाळणारं सिस्टिमडी असेल तर हे असं होत नाही, त्याच्या सिस्टिमसीटीएल या टूलच्या कमांड ठरलेल्या आहेत, आपली भर घालता येत नाही. तिथे बरेच जण तपासणी सर्व्हिसच्या सेटिंगमधल्या एक्झेकस्टार्टप्री (सुरू होण्याआधी काय चालवायचं) मध्ये टाकतात, पण ते चालतं तोपर्यंत जुनी प्रोसेस बंद झालेली असते, म्हणजे माझ्यासारखीच रात्र. त्यापेक्षा एक्झेकरीलोडच्या (रीलोडला काय चालवायचं) दोन ओळी लिहा, पहिली तपासणीची आणि दुसरी सिगहपची, आणि कॉन्फिग बदलल्यावर रीस्टार्टऐवजी रीलोड करा. पहिली फेल झाली की दुसरी चालत नाही आणि सर्व्हिस तशीच चालू राहते. अर्थात सिगहप आल्यावर फाइल परत वाचायची हे आपल्या प्रोग्रॅमला यायला हवं.

परवा रात्री मी परत एक खोली वाढवली, रीस्टार्ट मारला, तो अडला. काकांना फोन केला तर ते आधीच तपासा टाइप करून बसले होते, "ओळ बावीस म्हणतोय बघ, कंस उघडाय."