लाईट डिझाइनमध्ये पैसा आहे का, आणि असला तर तो कुठून येतो

माझ्या पहिल्या मोठ्या बिलात ‘डिझाइन फी’ अशी ओळच नव्हती. फिक्स्चर म्हणजे दिव्यांचे डबे होते, त्यांना वीज पुरवणारे ड्रायव्हर होते, ट्रॅक, वायर, फिटिंगची मजुरी, आणि माझी कमाई म्हणजे सप्लायरनं त्या मालावर दिलेलं कमिशन. काम एका ऑफिसचं होतं. ड्रॉइंग करताना लक्षात आलं की कॉरिडॉरमधले निम्मे डाऊनलाईट, म्हणजे छतातून खाली उजेड टाकणारे दिवे, नकोच आहेत, भिंत उजळली की जागा आपोआप मोठी आणि उजेडाची वाटते, म्हणून मी ते काढून टाकले. क्लायंट खूष, वीज वाचली, जागा सुंदर झाली, आणि माझं उत्पन्न निम्म्यावर आलं. म्हणजे जितकं चांगलं डिझाइन तितका कमी पैसा! त्या रात्री मी हिशेब मांडून बसलो तेव्हा कळलं की मी प्रकाश विकतच नव्हतो, मी डबे विकत होतो.

म्हणून कोणी नवीन मुलगा किंवा मुलगी विचारते की यात किती मिळतं, तेव्हा मी आकडा सांगत नाही, मी उलटं विचारतो की तुला पैसे कशाचे मिळणार आहेत? मालाचे, दिवसाचे, प्रयोगाचे की विचाराचे? कारण लाईट डिझायनर ही एक नोकरी नाहीये, या एकाच नावाखाली चार-पाच वेगळे धंदे आहेत आणि प्रत्येकाचा पैसा वेगळ्या दारातून येतो.

मी सुरुवात केली नाटकाच्या लाईटपासून, आणि आजही सांगतो की शिकायला याच्यासारखी जागा नाही. शिडीवर चढून पार कॅन, म्हणजे स्टेजचे साधे दिवे, टांगायचे, जेल म्हणजे रंगाचे पारदर्शक कागद कापायचे, फोकस करायचे, मग असिस्टंट म्हणून डिझायनरच्या शेजारी बसून क्यू लिहायचे, म्हणजे कोणत्या क्षणी कोणता लाईट बदलायचा ते. डोळा इथे तयार होतो. साईड लाईटनं माणसाला शरीर मिळतं, फ्रंटनं चेहरा मिळतो, बॅकनं तो पडद्यापासून सुटा होतो, हे पुस्तकात वाचून कळत नाही, शंभर वेळा चुकून कळतं. पण पैसा? बहुतेक ठिकाणी प्रत्येक निर्मितीमागे एक ठरलेली फी, आणि मोठ्या व्यावसायिक निर्मितीत नाटक चालत राहिलं तर वर रॉयल्टी. एका नाटकाची फी किती हे विचारण्यापेक्षा वर्षात किती नाटकं करता येतील हे विचारा, कारण टेक्निकल रिहर्सलचे दिवस एकमेकांवर आदळतात आणि माणूस एका वेळी एकाच अंधारात बसू शकतो. जे यात नीट जगतात त्यांच्याकडे एकतर लांब चाललेली दोन-तीन नाटकं असतात किंवा जोडीला दुसरं काम. ही कमीपणाची गोष्ट नाही, फक्त आधीच माहीत असावी.

दुसरं दार कन्सोलचं, म्हणजे ज्या टेबलावरून सगळे लाईट चालवतात त्याचं. 1981 साली व्हॅरी-लाईटचे मूव्हिंग लाईट, म्हणजे टेबलावरून फिरवता येणारे दिवे, जेनेसिस बँडच्या टूरवर आले आणि 1986 मध्ये डीएमएक्स 512 ही लाईट चालवायची सामाईक भाषा आली, एका लाईनवर 512 चॅनेल, कुठल्याही कंपनीचा लाईट कुठल्याही कंपनीच्या टेबलावरून चालवायची सोय. या दोन गोष्टींनी एक नवीन माणूस जन्माला घातला, प्रोग्रामर. एका मूव्हिंग हेडला पॅन (आडवं फिरणं), टिल्ट (वर-खाली), रंग, गोबो (उजेडात नक्षी पाडणारी चकती), झूम असे वीस-तीस चॅनेल सहज लागतात, तसे ऐंशी हेड रिगवर असतील तर डिझायनरच्या डोक्यातलं चित्र तासाभरात स्टेजवर आणणारा माणूस सोन्यासारखा असतो. कन्सर्ट, टीव्ही शो, कॉर्पोरेट इव्हेंट, सगळीकडे तो दिवसाच्या रेटनं मिळतो, टूरवर असेल तर वर राहणं-खाणं आणि रोजचा भत्ता. तरुण वयात पैसा सगळ्यात लवकर इथेच दिसतो असं माझं मत आहे, आणि म्हणूनच एक कन्सोल तरी मनापासून शिका, ग्रँडएमए असो की ईऑस, सॉफ्टवेअर घरच्या लॅपटॉपवर चालतं, प्रीव्हिजमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या खोट्या स्टेजवर, सराव होतो.

पण दिवसाचा रेट फसवतो. वर्षात 120 दिवस काम मिळालं असं धरा, उरलेल्या 245 दिवसांचं भाडं, आजारपण, प्रवासाचा शीण, नवीन कन्सोलचं शिक्षण हे सगळं त्या 120 दिवसांनीच भरायचं असतं. पगारदार मित्राच्या एका दिवसाशी आपला एक दिवस तोलून लोक खूष होतात आणि मग रिकाम्या महिन्यात मिळेल त्या रेटला हो म्हणतात, आणि एकदा खाली आलेला रेट वर न्यायला दोन-दोन वर्षं जातात, हे मी जवळून बघितलंय. शिवाय पन्नाशीत रात्री तीनला लोड-आऊट, म्हणजे शो संपल्यावर सगळं सामान उतरवून भरणं, करायचं का, हा प्रश्न पंचवीसाव्या वर्षी विचारलेला बरा.

मी वळलो ते इमारतींच्या लाईटकडे, आणि हा रस्ता काही नवा नाही. अमेरिकेत स्टॅनली मॅककँडलेसचं मूळ शिक्षण आर्किटेक्चरचं, त्यानं 1925 पासून येलमध्ये स्टेज लाईटिंग शिकवलं. उलट बाजूनं रिचर्ड केली या अमेरिकन लाईट डिझायनरनं इमारतीच्या उजेडाकडे नाटकासारखं बघितलं, फोकल ग्लो, अँबियंट ल्युमिनेसन्स आणि प्ले ऑफ ब्रिलियंट्स हे त्याचे तीन शब्द आजही मी क्लायंटला समजावताना वापरतो: एक उजेड लक्ष वेधतो, एक सगळीकडे पसरतो, एक चमचमून मन प्रसन्न करतो. नाटकातून आलेल्या माणसाला हे समजायला दोन मिनिटं लागतात. वेळ लागतो तो लक्सची (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाच्या मापाची) गणितं, डायलक्स आणि रेव्हिटसारखी सॉफ्टवेअर, ग्लेअर म्हणजे डोळ्यांना खुपणारी चमक, वीज वापराच्या मर्यादा आणि स्पेसिफिकेशन लिहायला, आणि खरं सांगतो, पगार वाढतो तो या कंटाळवाण्या वाटणाऱ्या भागामुळेच. छान रेंडर करणारे पुष्कळ भेटतात. साईटवर सीलिंगमध्ये डक्ट आडवा आला तर फिक्स्चर कुठे सरकवायचा आणि ड्रायव्हर कुठून काढता येईल हे सांगणारे कमी.

इथे शिडी स्पष्ट असते, ज्युनियर, डिझायनर, सिनियर, असोसिएट, मग पार्टनर किंवा स्वतःचं ऑफिस. मोठी उडी सिनियरनंतर असते कारण तिथून पुढे तुम्ही काम आणणारे होता. फी टप्प्यांत घ्यायची: कन्सेप्ट, डिझाइन, डॉक्युमेंट, साईट, आणि शेवटी कमिशनिंग, म्हणजे लागलेले लाईट जुळवून सुरू करून देणं. लाईटच्या खर्चाच्या टक्क्यावर फी घेऊ नका असं मी ठामपणे म्हणतो, त्यात माझ्या त्या कॉरिडॉरवालाच घोळ आहे, लाईट कमी केले की फी कमी. ठरलेली रक्कम घ्या, किती मीटिंग आणि किती वेळा बदल हे लिहून घ्या. आयएएलडी ही आर्किटेक्चरल लाईट डिझायनरांची संघटना 1969 पासून आहे आणि तिचा आग्रह हाच की डिझायनरनं मालविक्रीपासून स्वतंत्र राहावं. नैतिकता आहेच त्यात, पण पोटाचंही शहाणपण आहे.

ज्यांना स्थिर पगार हवा त्यांनी लाईट बनवणाऱ्या कंपन्यांमधलं अॅप्लिकेशनचं काम, म्हणजे कुठला लाईट कुठे लावायचा हे ठरवून देणं, कमी लेखू नये, फोटोमेट्री म्हणजे उजेड मोजण्याचं शास्त्र तिथे जितकी पक्की होते तितकी कुठेच नाही. म्युझियमचं कामही आहे, छोटं क्षेत्र पण फार समाधानाचं, कागद आणि कापडावर 50 लक्सच्या आसपास थांबायचं आणि तरी चित्र जिवंत दिसलं पाहिजे. सिनेमाचं गणित वेगळं, तिथे डीओपी (छायाचित्रण दिग्दर्शक) आणि गॅफर (लाईटच्या टीमचा प्रमुख) यांची साखळी असते, त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल.

एक गोष्ट मात्र अजून सलते. एका कामात सगळं झाल्यावर मी तीन रात्री बसून प्रत्येक लाईटचा कोन आणि डिमिंग लावून दिलं, उद्घाटनाला लोक थांबून थांबून बघत होते, आणि शेवटचा हप्ता आलाच नाही, कारण क्लायंटच्या मते ‘डिझाइन तर कधीच संपलं होतं’. त्याच्या लेखी फोकसिंग म्हणजे इलेक्ट्रिशियनचं काम. पण माझ्यासाठी डिझाइन त्या तीन रात्रींतच पूर्ण होतं, त्याआधी ते फक्त कागद असतं. आता माझ्या कोटेशनमध्ये ‘फोकसिंग आणि सीन सेटिंग’ ही वेगळी ओळ असते, समोर रात्रींची संख्या असते, आणि खाली लिहिलेलं असतं की ही रक्कम पहिल्या रात्रीच्या आधी जमा व्हावी. बहुतेक जण काही न बोलता भरतात.