प्लस कुठला?

विजेच्या कामात काही चुकलं की ते बोंबलून सांगतं. फ्यूज उडतो, धूर निघतो, निदान वास तरी येतो. गाडीतल्या स्पीकरचं प्लस-मायनस उलटं झालं तर मात्र काहीच घडत नाही. गाणं चालूच राहतं. स्पीकरकडे येणारा करंट मुळात क्षणाक्षणाला दिशा बदलणारा, त्याला आपल्या प्लस-मायनसचं काय सोयरसुतक!

शेजारचा पोरगा कुडाळहून सेकंडहँड गाडी घेऊन आला, दरवाजांत नवे स्पीकर बसवून. दुसऱ्या दिवशी तक्रार : "काका, वाजता सगळा, पण मजा येणा नाय. बेस वाढवलंय तरी."

या एका वाक्यात रोगाचं निदान आहे : दोनपैकी एका स्पीकरची जोडणी उलटी. डाव्या दरवाजातल्या स्पीकरचा कोन, म्हणजे त्याचा हलणारा पडदा, पुढे येतो तेव्हा उजव्यातला मागे जात असतो. एक हवा ढकलतो, दुसरा ओढतो. ओटीवरच्या झोपाळ्याला दोघांनी समोरासमोर उभं राहून एकाच वेळी ढकलावं, तसं. वरच्या पट्टीच्या आवाजाचं फारसं बिघडत नाही, त्याच्या लाटा बोटा-दोन बोटांच्या. पण 50 हर्ट्झच्या पखवाजी घुमाऱ्याची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब. इवल्याशा गाडीत दोन दरवाजांच्या अशा लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. मग बेसचं बटण कितीही पिळा.

पारख करायला गाण्यापेक्षा बोलणं बरं. आकाशवाणी रत्नागिरी लावावं. वायरी बरोबर असतील तर निवेदिका डॅशबोर्डच्या मधोमध बसून बोलल्यासारखी वाटते. उलट असतील तर ती नेमकी कुठून बोलतेय ते कळतच नाही. आणखी एक खूण : बॅलन्स, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे वळवायचं बटण, पूर्ण एका बाजूला फिरवायचा. एक स्पीकर बंद केल्यावर बेस *वाढला*, तर समजायचं की दोघांचं वाकडं आहे.

कागदावर हे सगळं सोपंच. बाहेरून घेतलेल्या म्युझिक सिस्टीमला बहुधा पांढरी वायर पुढच्या डाव्या स्पीकरची, करडी उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची, जांभळी उजव्याची. काळी रेघ असेल ती मायनस. स्पीकरला वायर लागते त्या दोन पात्यांपैकी रुंद पातं बहुतेक वेळा प्लस. पण हे रंग ज्यांनी ठरवले ते खाऱ्या वाऱ्यात राहत नसावेत. दरवाजाची पत्री उघडली की आत चार पावसाळे प्यायलेली वायर, सगळी एकाच मळकट रंगाची, तांबं हिरवं पडलेलं आणि मध्ये कुणीतरी मारलेले दोन जोड. त्या जोडांत काय उलटसुलट झालंय ते रंग सांगणार नाही.

म्हणून घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढायचा. वायरी सिस्टीमपासून सोडवायच्या आणि डॅशबोर्डच्या टोकाशीच त्यांना सेल टेकवायचा. नुसता टेकवायचा, धरून ठेवायचा नाही. दुसऱ्याने कोनवर हलकं बोट ठेवावं. कोन बाहेर आला तर सेलच्या प्लसला लागलेली वायर प्लस. इथून तपासलं की मधले सगळे जोडही आपोआप तपासले जातात, म्हणून दरवाजापाशी सेल लावण्यापेक्षा मला हे आवडतं.

दोन्ही दरवाजे उलटे निघाले तरी हरकत नसते. दोघांचं एकमेकांशी जुळलं म्हणजे झालं. मायनस मात्र बॉडीला लावू नये. हॉर्न-दिव्यांची सवय असलेला हात हे हमखास करतो, आणि आजकालच्या सिस्टीमचा अॅम्प्लिफायर त्यात जाऊ शकतो.

ट्वीटरपुढे, म्हणजे वरच्या पट्टीच्या छोट्या स्पीकरपुढे, सेलचं काही चालत नाही. त्याच्या वाटेत सेलचा करंट अडवणारा कपॅसिटर असतो, बारीकशी टिक ऐकू येते आणि संपलं. तिथे कानच हवा. बेसचा मोठा स्पीकर, म्हणजे वूफर, खाली पायाशी, ट्वीटर वर काचेजवळ. दोघांचं कानापासूनचं अंतर वेगळं, त्यामुळे कधी कधी दोन्ही ट्वीटर उलटे जोडलेलेच गोड लागतात. या पोराच्या गाडीत तसंच झालं. पुढचा वायरमन ते बघून शिव्या घालत सरळ करणार, म्हणून वायरीला चिकटपट्टी गुंडाळून त्यावर पेनाने लिहून ठेवलंय : मुद्दाम उलटं. हात लावू नये.